दहा वाजताचा गजर : ‘ज्वाय्यू नोएल’ पाहिल्यावर

युद्धाचे पिक्चर मी सहसा बघत नाही. १९८३ साली बेळगावला भरती झालो आणि २००७ साली हवालदार म्हणून पेन्शनवर घरी आलो. मधली २४ वर्षं पलटणीत गेली. पिक्चरमधला जवान मरताना भाषण करतो, त्याचा मला त्रास होतो. माझ्यासमोर गेलेल्यांपैकी कुणी भाषण केलं नाही. एकाने पाणी मागितलं. एकाने बुटाची नाडी सैल करायला सांगितली, पाय केव्हाच सुन्न झाला होता तरी.

म्हणून सूनबाईने पुण्याहून डिस्क आणली आणि ‘आबा, हा तुम्ही बघाच’ म्हणाली, तेव्हा मी दोन आठवडे टाळाटाळ केली. ती हायस्कुलात इतिहास शिकवते. शेवटी एका शनिवारी रात्री जेवणं उरकल्यावर लावला. मी, ही आणि सूनबाई, एवढेच. पिक्चर फ्रेंच आहे, २००५ सालचा, नाव ‘ज्वाय्यू नोएल’, म्हणजे ‘नाताळच्या शुभेच्छा’. दिग्दर्शक क्रिस्तियाँ कारियाँ. लांबी ११६ मिनिटं, पण आम्हाला सव्वातीन तास लागले, कारण यात लोक फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा बोलतात. खाली इंग्रजी अक्षरं येतात, ती सूनबाई थांबवून थांबवून हिला मराठीत सांगत होती. मला इंग्रजी वाचता येतं, पण अक्षरं भराभर पळतात. त्यामुळे मलाही ते बरंच पडलं.

आधीच सांगतो, पिक्चर चांगला आहे. काही ठिकाणी फार चांगला आहे. दोन-तीन गोष्टी खटकल्या, त्याही सांगणार आहे.

गोष्ट १९१४ च्या डिसेंबरातली. पहिलं महायुद्ध सुरू होऊन पाच महिने झालेत. उत्तर फ्रान्समध्ये एका बाजूच्या खंदकात फ्रेंच, त्यांच्या शेजारी स्कॉटिश आणि समोर हाकेच्या अंतरावर जर्मन. नाताळच्या आदल्या रात्री जर्मनांच्या बाजूने एक गवई ‘सायलेंट नाइट’ म्हणायला लागतो. मुळात तो ऑपेरातला मोठा गायक, आता शिपाई झालाय. स्कॉटिश बाजूने एक पाद्री आपल्या बॅगपाइपवर त्याला साथ देतो. गाता गाता तो गवई हातात नाताळचं छोटं झाड धरून खंदकाबाहेर येतो आणि कुणीही गोळी झाडत नाही. मग तिन्ही बाजूंचे अधिकारी मधल्या जागेत भेटतात आणि एका रात्रीपुरती लढाई थांबवायचं ठरवतात. एक जर्मन, एक फ्रेंच, एक स्कॉटिश. तिघंही तिशीच्या आसपासची पोरं.

ही गोष्ट रचलेली असली तरी तिचा पाया खरा आहे. त्या नाताळात पश्चिम आघाडीवर कितीतरी ठिकाणी असं घडलं. बहुतेक ठिकाणी इंग्रज आणि जर्मन यांच्यात, काही ठिकाणी फ्रेंच आणि बेल्जियन सैनिकांतही. साधारण एक लाख सैनिक कुठल्या ना कुठल्या प्रकारे त्यात होते, असा अंदाज दिला जातो. लोकांनी सिगारेटी, डबाबंद मटण, कोटाची बटणं बदलून घेतली. मधल्या जागेत आठवड्यांपासून पडलेली प्रेतं दोन्ही बाजूंनी मिळून पुरली. डिसेंबरभर पाऊस आणि गुडघाभर चिखल होता. नाताळच्या आदल्या दिवशी कडक थंडी पडली आणि चिखल गोठला, म्हणून माणसांना मधून चालता तरी आलं. ज्याने चिखलात मोर्चा धरलाय त्याला या एका गोष्टीचं महत्त्व कळेल.

कारियाँ स्वतः त्याच मुलखातला शेतकऱ्याचा मुलगा. तिथल्या शेतांत नांगराला अजून जुने तोफगोळे लागतात. ते पिक्चरमध्ये सांगितलेलं नाही, पण माणसाला मातीची ओळख आहे हे दिसतं.

आता माझ्या मनात काय राहिलं ते सांगतो. गाणं नव्हे. गाणं सुंदर आहे, हिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण माझ्या डोक्यात बसलंय ते घड्याळ.

फ्रेंच लेफ्टनंट ओदबेअरचा सेवक आहे, पाँशेल नावाचा, धंद्याने न्हावी. दानी बून या नटाने तो केलाय. पाँशेलच्या पाठपिशवीत गजराचं घड्याळ असतं आणि ते रोज सकाळी दहाला वाजतं. का, तर युद्धाआधी रोज दहा वाजता तो आईबरोबर कॉफी प्यायचा. आईचं घर तिथून तासाभराच्या चालीवर आहे, पण जर्मनांनी घेतलेल्या मुलखात. गजर वाजला की तो मनातल्या मनात आईबरोबर बसतो. साहेब वैतागतो, पण घड्याळ काढून घेत नाही.

पलटणीत प्रत्येकाकडे असं काहीतरी असतं. आमच्यात एकजण घरच्या म्हशीच्या दावणीचा तुकडा जवळ बाळगायचा. कुणी हसायचं नाही. त्यामुळे या दिग्दर्शकाने फौजी माणसांशी बसून बोलणं केलंय, ही माझी खात्री झाली.

तसंच ओदबेअरचं. हल्ल्याआधी तो कोपऱ्यात जाऊन ओकतो. मग तोंड पुसतो, वळतो आणि जवानांपुढे ताठ उभा राहून बोलतो. मी असे साहेब पाहिलेत, आणि त्यांच्याच मागे आम्ही डोळे झाकून जायचो. हिंदी पिक्चरमध्ये हा प्रसंग कुणी ठेवला असता का, सांगता येत नाही.

त्या पहिल्या हल्ल्यात ओदबेअरचं पाकीट जर्मन खंदकात पडतं. आत बायकोचा फोटो. त्या नाताळात लढाई थांबल्यावर जर्मन लेफ्टनंट हॉर्स्टमायर ते पाकीट त्याला आणून देतो. डॅनियल ब्रूल हा नट फार मोजकं बोलतो इथे. हॉर्स्टमायरची स्वतःची बायको फ्रेंच आहे, तो पॅरिसमध्ये राहिलेला आहे. दोघं पॅरिसच्या एका रस्त्याबद्दल बोलतात, जसं आपल्याकडे अनोळखी दोन माणसं एसटीत भेटल्यावर ‘तुमचं गाव कुठलं’ म्हणत एखाद्या पावण्यापर्यंत पोचतात तसं. मी म्हणतो, सगळा पिक्चर त्या पाकिटात आहे.

इथे मला माझं एक सांगायचंय, त्याशिवाय मी हा पिक्चर कसा बघितला ते कळणार नाही.

२००३ साली आमची पोस्ट पूंछच्या बाजूला होती. मध्ये नाला, पलीकडे पाकिस्तानची पोस्ट. दिवसा डोकं वर काढायची सोय नव्हती. पाणी आणणं, संडास, भांडी, सगळं अंधारात. कपडे धुतले तर मोर्च्यात बुखारीवर, म्हणजे रॉकेलच्या शेगडीवर वाळवायचे, त्यामुळे बनियनला कायम रॉकेलचा वास. २५ नोव्हेंबरच्या मध्यरात्री शस्त्रसंधी लागू झाली. दुसऱ्या दिवशी ईद होती. त्या रात्री एकही गोळी सुटली नाही आणि आमच्यापैकी कुणालाही झोप लागली नाही. शांतता इतकी होती की नाल्याचं पाणी ऐकू यायचं. दीड वर्षात ते पाणी मी कधी ऐकलं नव्हतं.

सकाळी पहाऱ्याची ड्यूटी माझी होती. दुर्बिणीतून समोर बघत होतो. त्यांच्या मोर्च्यातून एक माणूस बाहेर आला. हातात बादली. त्याने बादलीतून जर्सी काढली, दोन्ही हातांनी पिळली, झटकली आणि दगडावर पसरून ठेवली. मग त्या जर्सीशेजारी उन्हाला पाठ करून बसला. अर्धा तास तरी बसला असेल. आमच्याकडे त्याची पूर्ण पाठ होती. दीड वर्ष तो माणूस म्हणजे माझ्यासाठी नळीतून निघणारी एक ठिणगी होता. आमचे सुभेदार साहेब मागे येऊन उभे राहिले, दुर्बीण मागून घेतली, बघितलं, आणि म्हणाले, ‘बघत काय बसलास, आपलीपण काढा बाहेर.’ त्या दिवशी आमच्या पोस्टवर सगळ्यांचे कपडे उन्हात पडले.

एवढंच. हात हलवला नाही, बोलणं नाही, मिठी नाही. तसा हुकूम नव्हताच. पण २० वर्षांहून जास्त झाली, त्या माणसाची पाठ मला अजून दिसते.

पिक्चरमध्ये फार लवकर फार काही होतं, हे मला म्हणूनच खटकलं. एका गाण्यावर तीन पलटणी बाहेर येतात, शँपेन निघते, लॅटिनमधली प्रार्थना होते, दुसऱ्या दिवशी फुटबॉल. सगळ्यांची मनं एका रात्रीत वितळतात. प्रत्यक्षात त्या नाताळातही काही ठिकाणी गोळ्या झाडल्या गेल्या आणि बाहेर आलेली माणसं मेली, तेवढं धास्तीचं वातावरण पिक्चरमध्ये नाही.

पण दिग्दर्शकाला हे माहीत असावं, कारण त्याने एक पात्र ठेवलंय ज्याचं मन वितळत नाही. जोनाथन नावाचा स्कॉटिश पोरगा. त्याचा भाऊ विल्यम पहिल्याच हल्ल्यात पडलाय आणि त्याला भावाला मागे टाकून यावं लागलंय. सगळे गात असताना हा पोरगा बर्फ उकरून भावाला पुरत असतो. कुणाशी हात मिळवत नाही. आणि आईला पत्रं लिहितो, त्यात विल्यम जिवंत असल्यासारखं लिहितो. ‘विल्यमही मजेत आहे.’ सूनबाई हे वाक्य वाचताना थांबली. हिने विचारलं, ‘खोटं का लिहितो गं?’ मी काही बोललो नाही.

आमच्या प्लाटूनमधला एक लान्स नाईक २००२ मध्ये मॉर्टरच्या गोळ्यात गेला. शेजारच्याच गावचा. उन्हाला पाठ करून बसलेला तो माणूस आणि हा आमचा लान्स नाईक, दोन्ही मला एकाच वेळी आठवतात. एकाने दुसरा पुसला जात नाही. म्हणून जोनाथन मला पटला. पाद्रीपेक्षा जास्त पटला.

पुढचं सांगितलं तर गोष्ट फुटते, पण सांगितल्याशिवाय परीक्षण पुरं होत नाही. ज्यांना नको त्यांनी हा एक परिच्छेद सोडावा. पाँशेल एका जर्मनाच्या मदतीने जर्मन गणवेश चढवून आईला भेटून येतो. परत येताना मधल्या जागेत एकटा चालतोय. वरून आलेला स्कॉटिश मेजर जवानांना विचारतो, त्या जर्मनाला मारत का नाही. जवान मुद्दाम वरून गोळ्या झाडतात. जोनाथन नेम धरतो. पाँशेल पडतो. आणि मग त्या शांततेत गजर वाजतो, दहा वाजलेले असतात. ओदबेअर तो आवाज ओळखतो आणि धावत सुटतो. मरता मरता पाँशेल सांगतो, आईबरोबर कॉफी घेतली, आणि साहेब, तुम्हाला मुलगा झालाय, नाव आँरी. आमच्या घरात कुणी बोललं नाही. थोड्या वेळाने ही एवढंच म्हणाली, ‘आईलाच भेटायला गेला होता की.’

यानंतर पिक्चर वरिष्ठांकडे वळतो, आणि ते प्रसंग सपाट वाटू शकतील, पण मला आवश्यक वाटले. पत्रं फोडून वाचली जातात, बातमी वर पोचते. स्कॉटिश पाद्रीला परत पाठवतात आणि त्याच्या जागी बिशप येऊन नव्या जवानांना मारण्याचा उपदेश करतो. पाद्री गळ्यातला क्रूस काढून ठेवतो. ओदबेअरचे वडील जनरल आहेत. ते जाब विचारतात, तेव्हा तो सांगतो की घरी टेबलावर टर्की मांडून ‘जर्मनांना ठार करा’ म्हणणाऱ्या लोकांपेक्षा मला ते जर्मन जास्त जवळचे वाटले. हे वाक्य मी सूनबाईला तीनदा परत लावायला लावलं. घरी बसून युद्ध मागणाऱ्यांबद्दल फौजी माणसाच्या मनात काय असतं, ते इतकं सरळ मी कुठे ऐकलं नव्हतं. जर्मनांची तुकडी आगगाडीत कोंडून रशियाच्या आघाडीवर पाठवतात. बंद डब्यात ते स्कॉटिशांकडून ऐकलेली चाल गुणगुणत जातात.

आता खटकलेलं. गवयाची प्रेयसी, ती डॅनिश गायिका, थेट खंदकापर्यंत येते. डायन क्रूगर दिसते छान, पण खंदकात ती उपरी वाटते. शिवाय गाताना तिचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत. आवाज नाताली देसे या खऱ्या ऑपेरा गायिकेचा आहे, तो ऐकण्यासारखा आहे, पण ओठांकडे बघू नये. त्या दोघांची प्रेमकथा काढली असती तर वीस मिनिटं वाचली असती. गणवेश फार स्वच्छ. खंदकात तीन महिने राहिलेल्या माणसाच्या मानेवर मळाची रेघ असते, ती एकाच्याही नाही. आणि घरात लहान मुलं असतील तर त्या दोघांचा एक बिछान्यातला प्रसंग आहे, तो पुढे सरकवा.

आणखी एक गोष्ट, ती मला मनापासून लागली. १९१४ च्या त्या डिसेंबरात त्याच आघाडीवर आपली माणसं होती. लाहोर आणि मीरत डिव्हिजन सप्टेंबर-ऑक्टोबरात फ्रान्सला उतरल्या होत्या. ३९व्या गढवाल रायफल्सच्या दरवान सिंग नेगींना नोव्हेंबरात फेस्टुबेअरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे जवान महिन्याभराने, नाताळच्या दिवशी, जर्मनांना मधल्या जागेत भेटले. डोंगरातली हिंदू पोरं, जर्मनांचा सण. मार्च १९१५ मध्ये तीच बटालियन न्यूव्ह शापेलला जर्मनांवर तुटून पडली. न्यूव्ह शापेलला आता भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. आमच्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातही पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांची आठवण जपलेली आहे. आपले मराठे प्रामुख्याने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात होते, तो भाग वेगळा. पण पिक्चरमध्ये गढवाल्यांचा एक चेहरा, एक आवाज असायला हवा होता. सूनबाई म्हणाली, फ्रेंच माणसाने फ्रेंच गोष्ट सांगितली. खरं आहे. तरी हवा होता.

हा आवडला म्हणून सूनबाईने आठवड्याने दुसरा लावला, ‘नो मॅन्स लँड’, २००१ सालचा, बोस्नियाच्या दानिस तानोविचचा. आपल्या आशुतोष गोवारीकरांचा ‘लगान’ ऑस्करला गेला होता, तेव्हा ज्याने बक्षीस नेलं तो हाच. तेव्हा आम्ही सगळे हळहळलो होतो. आता बघितल्यावर मला वाटतं, बक्षीस योग्य ठिकाणी गेलं. दोन शत्रू, एक बोस्नियन आणि एक सर्ब, मधल्या खंदकात अडकलेत. तिसरा माणूस जमिनीवर पडलाय आणि त्याच्या अंगाखाली माइन आहे. तो उठला की ती उडणार. दोघं युद्ध कुणी सुरू केलं यावर भांडतात, आणि ज्याच्या हातात बंदूक त्याचं म्हणणं दुसऱ्याला मान्य करावं लागतं. मग बंदूक दुसऱ्याच्या हातात जाते आणि कबुली उलट होते. मध्येच कळतं की बान्या लुकातल्या एकाच मुलीला दोघं ओळखतात. तेवढ्यापुरते दोघं हसतात. मग पुन्हा भांडण. इथे माणुसकी टिकत नाही, आणि ती कशी निसटते तेच दाखवलंय. अंगाखाली माइन असलेल्या त्या माणसाचे डोळे मला रात्रभर दिसले. शेवट सांगत नाही. फौजी माणसाने एकट्याने बघू नये.

आपल्याकडे अशी गोष्ट नाही असं नाही. पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला रणगाड्यात पडले, वय २१, परमवीर चक्र. २००१ मध्ये त्यांचे वडील, ब्रिगेडियर खेत्रपाल, आपलं जन्मगाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. ज्यांच्या घरी उतरले त्या ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी निघायच्या आदल्या रात्री सांगितलं की तुमच्या मुलाचा रणगाडा माझ्या हातून गेला. बाप ऐकत बसला. आम्ही ही गोष्ट पलटणीत एकमेकांना सांगायचो, आणि सांगताना आवाज आपोआप खाली यायचा.

ज्यांना बघायचाय त्यांच्यासाठी : इंग्रजी नावाने शोधताना ‘मेरी ख्रिसमस’ नावाचा २०२४ चा हिंदी पिक्चर पुढे येतो, तो वेगळा. मराठी भाषांतर नाही. घरात इंग्रजी वाचणारं कुणी असेल तर त्याला मोठ्याने सांगायला लावा. असा बघायला जास्त चांगला वाटतो, कारण मध्ये थांबून बोलता येतं. आवाज मोठा ठेवा. गाण्यासाठी नव्हे, गजरासाठी. तो आवाज बारीक आहे.

येत्या रविवारी गावातल्या माजी सैनिकांना घरी बोलावलंय. सात-आठजण येतील. त्या लान्स नाईकचा धाकटा भाऊही फौजेतूनच परत आलाय, त्यालाही निरोप दिला. ‘बघू’ म्हणालाय. जोनाथनचं मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही.